दुसरं पेन

औषधवाल्याने इंजेक्शनचं पेन लेकीच्या मांडीवर टेकवून जोरात दाबलं, आणि सुई घुसली त्याच्याच अंगठ्यात. पेन उलटं धरलं होतं.

बहिणीच्या स्वयंपाकघरात हे घडलं; ती ॲम्ब्युलन्सला फोन लावत होती. तेरा वर्षांची मुलगी खुर्चीत बसली होती, ओठ सुजलेले, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. आत्याने दिलेल्या बिस्किटात शेंगदाण्याचा चुरा निघाला होता आणि शेंगदाणा तिला विषासारखा. त्यावर उतारा एकच, पेनातलं ॲड्रेनलिन. ते आता बापाच्या अंगठ्यात जिरत होतं.

दुकानात हेच पेन विकताना तो गिऱ्हाइकाचं डोकं खाई. टोपण काढा, केशरी टोक मांडीला, टोकावर अंगठा नको. वर हसून सांगे, "आणि घाबरू नका. घाबरलात की शरीर स्वतःच ॲड्रेनलिन सोडतं, पण ते तुमच्या अंगात. पेशंटला त्याचा काय उपयोग?"

आज भीतीचं आणि सुईचं, दोन्ही त्याच्याच वाट्याला आलं होतं. छाती धडधडत होती आणि अंगठा पांढराफटक पडला होता.

"दादा, दुसरं आहे ना?" ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगता सांगता बहिणीने विचारलं.

होतं. पण कमरेच्या पाउचची चेन त्याच्या बधिर अंगठ्याला दाद देईना. हा पाउच त्याने कधी लेकीकडे दिला नव्हता. सकाळीच तिच्या शाळेच्या सहलीला नकार देताना तो म्हणाला होता, "वेळ आली तर टोचणार कोण? तुझ्याच्याने नाही व्हायचं."

मुलीने त्याचा हात बाजूला सारला, चेन ओढली, पेन काढलं. टोपण उपसलं. केशरी टोक एकदा नीट बघून घेतलं आणि फ्रॉकवरूनच मांडीत दाबून धरलं. तिचे सुजलेले ओठ हलत होते. तो दुकानात मोजून दाखवतो तसे ती आकडे मोजत होती. बापाला त्या क्षणी विलक्षण लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त हायसं वाटलं.

हॉस्पिटलात दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. तिचा श्वास मोकळा झाला होता. त्याचा अंगठा कोमट पाण्याच्या वाटीत होता.

"बाबा, दुखतंय?"

"थोडं. तुझी छाती धडधडतेय?"

"खूप. तुमची?"

"विचारू नकोस."

ती हसली. बहीण दुकानातून नवी पेनं घेऊन आली होती. त्याने ती पाउचमध्ये सरकवली आणि डाव्या हाताने पट्टा आवळायला घेतला. एका हाताने ते जमेना.

"हे टोक धर," तो लेकीला म्हणाला.

तिने धरलं. त्याने आणखी आवळला, अगदी तिच्या कमरेच्या मापापर्यंत.