यंदाच्या बजेटात आमचा पूल

मार्च लागला की पांडेसऱ्यात आमच्या गावची माणसं टीव्हीला चिकटतात. क्रिकेटसाठी नव्हे हो, महाराष्ट्राच्या बजेटसाठी! राहतो सुरतेत, पगार खातो इथल्या डाइंग मिलचा, आणि कान सगळे तिकडे. कारण एकच, आमच्या नदीवरचा पूल.

पावसाळ्यात आमचं गाव चार महिने तुटतं. अकरा वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं, म्हणून त्यांना काठापर्यंत आणलं. पाणी उतरायची वाट बघत तिथंच खाटेवर ते गेले. मग आमच्या ह्यांनी, भिकनरावांनी, आईला सुरतेला आणलं. "माय, पूल झाला की परत नेईन," असा शब्द दिला.

तेव्हापासून माझ्या सासूबाई, धुरपदाबाई, आमच्या दोन खोल्यांत पाहुणीसारख्या राहतात. त्यांना काय हवंय माहितीय? आपल्या ओट्यावर बसून शेजारच्या शकूशी भांडायचंय! "आठे भांडालेबी कोनी नही," म्हणतात. मी काय मेलेय का, असं मी विचारते. पण मला कळतं ना. संध्याकाळी गावाकडं जाणारी भुसावळची गाडी गेल्याचा आवाज आला की त्यांचा हातातला घास तसाच राहतो. खरं सांगू? त्यांच्या निमित्तानं मलाही जायचं होतं.

यंदा मोबाइलवर बजेटातल्या कामांची यादी आली आणि तिच्यात आमचं गाव! पूल बांधणे, चार कोटी साठ लाख. अगं बाई, ती गडबड काय सांगू! गल्लीत पेढे वाटले. ह्यांनी आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, तिकिटं काढली. "मायला आता कायमची सोडून येतो. काम लागलं म्हणजे काठावर माणसं असणार, गाड्या असणार. भ्यायचं कारण नाही," म्हणाले. सासूबाईंनी तर आपली गोधडीसुद्धा शेजारणीला देऊन टाकली. अकरा वर्षांत मी त्यांना गुणगुणताना पहिल्यांदा ऐकलं.

माझा भाऊ ललित धुळ्याला एका ठेकेदाराकडे कारकून आहे. मिरवायची हौस मला, केला फोन! त्यानं मला यादी परत उघडायला लावली.

"ताई, चार कोटी हा अंदाजे खर्च. त्याच्या पुढचा रकाना बघ. यंदा पैसे किती ठेवलेत ते तिथं असतं."

पुढं नुसता १ असा आकडा होता. "एक कोटी ना?"

"त्या रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलंय?"

लिहिलं होतं, रक्कम हजारात. म्हणजे एक हजार रुपये. काम यादीतून उडू नये म्हणून असं नावापुरतं ठेवतात म्हणे. "अरे मेल्या, हजारात सिमेंटच्या तीन गोण्या येत नाहीत!" मी त्याच्यावरच खेकसले. तो बिचारा काय करणार?

ह्यांना सांगितलं तर त्यांनी तो रकाना तीनदा वर-खाली वाचला. गावातल्या एवढ्या शिकल्यासवरल्या पोरांनी यादी वाचली, आणि एकाचीही नजर पुढच्या रकान्यात गेली नाही. जाणार कशी? आम्हाला पूलच हवा होता ना. दोन दिवस आम्ही सासूबाईंची नजर चुकवत होतो. त्या मात्र दिवस मोजत होत्या, आखाजीला किती राहिले म्हणून. तिसऱ्या दिवशी ह्यांनी मन घट्ट केलं.

"माय, एवढ्यात जाता येणार नाही. पूल होत नाही. सरकारनं पैसेच ठेवले नाहीत."

"कितला ठेवात?"

"हजार रुपये."

"कितला?"

"हजार, माय."

मला वाटलं, आता रडतील. मीच पदर तोंडाशी धरला होता. पण त्यांनी कमरेची चंची सोडली, घडी करून करून मऊ झालेल्या पाचशेच्या दोन नोटा काढल्या आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवल्या.

"हजार तं मनाजोडे व्हतात रे भिकन," त्या म्हणाल्या. "अकरा वरीस माले का बरं इचारं नही?"