कुलपात अडकलेली निळी फाइल

मी एक जुनी फाइल आहे. निळ्या रेक्झिनची, कोपऱ्यात थोडी उसवलेली आणि स्वभावानं भित्री. मित्रांनो, हसू नका. जिच्या पोटात दुसऱ्याचा वर्षानुवर्षांचा अभ्यास असतो, तिनं भ्यायलाच हवं.

कसबा पेठेत गेनबा बाइंडरनं मला शिवलं. हडपसरच्या बुद्धविहारात दहावीच्या मुलांचा सत्कार झाला, तेव्हा मी श्रद्धाच्या हातात आले. तिचे वडील, उत्तरेश्वर, एका कारखान्यात फिटर होते. तिचा प्रत्येक नवा कागद ते हात धुऊन माझ्यात ठेवत. गुणपत्रिका, पदवी, जातीचा दाखला आणि चपला झिजवून मिळवलेलं जातवैधता प्रमाणपत्र. पाहुणे आले की मला कपाटातून काढत. माझं कौतुक व्हायचं, मी फुगून जायचे. झेरॉक्सचं नाव काढलं की ते म्हणत, "अस्सल जवळ असताना नक्कल कशाला? लोकांना वाटेल, खोटं आहे." तो अभिमानच आमच्या मुळावर आला.

श्रद्धा नोकरीसाठी अर्ज करू लागली. कर्वेनगरातल्या एका प्लेसमेंटच्या ऑफिसातून बोलावणं आलं. तिथले रंगनाथसर फार गोड बोलायचे. "मॅडम, ओरिजिनल इथेच राहू द्या. जॉइन झालात की परत. कंपनीचा रूलच आहे तसा."

मला वाटलं, आता श्रद्धा विचारेल, कुठल्या कंपनीचा? पोच देता का? पण संधी हातची जाईल या भीतीनं तिनं मला टेबलावरून पुढे सरकवलं. मी ड्रॉवरमध्ये गेले आणि किल्ली फिरली.

आत अंधार होता आणि माझ्यासारख्या आणखी फायली. सुरुवातीला बाहेर फोन वाजायचे, नवी मुलं यायची, ड्रॉवर उघडून एखादी फाइल माझ्या अंगावर पडायची. मग सगळं थांबलं. वाळवी लागेल, कुणी रद्दीत घालेल, काय काय मनात यायचं. सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. श्रद्धाला माझी गरज पडली आणि मी नसले तर?

तसंच झालं. एका सकाळी बाहेर तिचा रडवेला आवाज आला. "काकू, उद्या माझं डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन आहे. सरकारी जॉब आहे. ओरिजिनल नसतील तर सिलेक्शनच रद्द करतील!"

"तो रंगनाथ केव्हाच पसार झाला," जागेच्या मालकीण सुशीलाबाई म्हणाल्या. "आणि आपण अनोळखी माणसाला कागद दिलेत? घराची किल्ली द्यायची तेवढी राहिली वाटतं."

"बाई, पोरीचं आयुष्य आहे त्यात," उत्तरेश्वर काकुळतीला येऊन म्हणाले. "उघडा ना."

बाईंनी स्वतःजवळच्या किल्लीनं दार उघडलं. ड्रॉवर मात्र हलेना. उत्तरेश्वर पान्यानं कुलूप तोडू लागले, तेव्हा प्रत्येक घावाला मी आत दचकत होते. घाव माझ्यावर बसला तर? कागद फाटले तर?

कुलूप तुटलं. श्रद्धानं मला छातीशी धरलं. पण ती लगेच निघाली नाही. तिनं बाकीच्या फायली बाहेर काढल्या आणि प्रत्येकीतल्या अर्जावरचा नंबर लावला. मुलं धापा टाकत आली, आपापली फाइल घेऊन गेली. एकच नंबर लागेना. ती फाइल रणजित नावाच्या मुलाची होती. त्यानं नंबर बदलला असावा आणि अर्जावर जुनाच ठेवला. पत्ता म्हणून नुसतं 'मित्राची खोली, कर्वेनगर' एवढंच. श्रद्धा ती फाइलही घरी घेऊन आली.

श्रद्धाला नोकरी लागली. आता उत्तरेश्वर स्वतः झेरॉक्सच्या रांगेत उभे राहतात. मी पुन्हा कपाटात आहे, पण किल्लीचा आवाज झाला की अजून धस्स होतं. मित्रांनो, एवढं माझं ऐका. अस्सल कागद दाखवा, तपासू द्या आणि उठताना परत हातात घ्या. अर्ज देण्याआधी त्यावरचा नंबर एकदा स्वतः वाचा.

रणजितची फाइल माझ्या शेजारीच असते. श्रद्धा अधूनमधून तो नंबर लावते, तेव्हा कपाटाच्या दारामागे आम्ही दोघी कान देऊन ऐकतो. तो अजून लागलेला नाही.