टोकाची खुर्ची

मेट्रनबाईंना रिटायर होऊन सोळा वर्षं झाली होती, तरी त्यांना नुसतं 'आजी' म्हणून कोपऱ्यात बसवायची घरात कुणाची टाप नव्हती. सख्खी नातसुद्धा लाडात आली की त्यांना मेट्रनच म्हणायची. अडतीस वर्षं इस्पितळातला वॉर्ड सांभाळलेली बाई ती. देवावर विश्वास तर असा, की पहाटेच्या प्रार्थनेत त्या त्याला दिवसभराची कामं नेमून देतात की काय, अशी सुनेला शंका यायची. आणि खरं सांगायचं तर बरीचशी कामं होतही असत.

घरातलं जेवणाचं टेबल त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे बाबांनी, लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हातांनी केलेलं होतं. बाबा सुतार. आधी टेबल दोघांपुरतंच होतं, मग प्रत्येक मुलामागे त्यात एक फळी वाढली, पुढे नातवंडांमागेही वाढली. आता ते एवढं लांब झालं होतं की पलीकडून मीठ मागवायचं तर निरोप धाडावा लागे. टोकाच्या खुर्चीवर बाबा बसत आणि जेवणाआधीची उपकारस्तुती तेच करत. पन्नास वर्षांत ती दुसऱ्या कुणी केली नव्हती.

गेल्या दोन वर्षांत मात्र बाबांची स्मरणशक्ती विरत चालली होती. आधी नावं गेली, मग चेहरे. बायकोला ते 'सिस्टर' म्हणू लागले. तरुणपणी पटाशीने अंगठा कापून घेऊन ते पहिल्यांदा वॉर्डात आले, तेव्हाही त्यांनी अशीच हाक मारली होती, त्यामुळे मेट्रनबाईंनी ते हसण्यावारी नेलं. चारचौघांत तरी नेलं. एकदाच त्या न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडल्या, आणि तोंड धुऊन बाहेर येऊन बाबांची नखं कापायला बसल्या.

उपकारस्तुतीचंही तेच झालं. "हे स्वर्गीय पित्या" इथवर गाडी ठीक यायची आणि तिथेच अडायची. मेट्रनबाई थांबत. वॉर्डात त्यांचा एकच नियम होता. रोग्याला जे स्वतः करता येईल ते आपण करायचं नाही, मग त्याला एक बटण लावायला अर्धा तास का लागेना. इकडे सूप थंड व्हायचं, मुलांच्या पोटात कावळे ओरडायचे, पण चमचा उचलायची कुणाची हिंमत नव्हती.

शेवटी थोरल्या मुलाने तोंड उघडलं. तो चर्चच्या कमिटीवर होता. प्रार्थना करायला उभा राहिला की वार्षिक अहवाल वाचतोय असं वाटे, पण मनाने लाख माणूस. एका रविवारी वाट बघता बघता नात टेबलावरच झोपली, तेव्हा त्याने आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, सगळ्यांसमोर बाबांची शोभा होते. मला बघवत नाही. यापुढे प्रार्थना मी करतो."

मेट्रनबाई त्याला झाडणारच होत्या, पण त्याचे डोळे भरलेले दिसले. मग दोघांचं ठरलं. पुढच्या रविवारी लग्नाला पन्नास वर्षं होत होती, सगळं कुटुंब जेवायला येणार होतं. त्या दिवशी बाबांना जमलं तर जमलं. नाही तर प्रार्थना आणि टोकाची खुर्ची, दोन्ही मुलाकडे.

"जमेल त्यांना," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खणखणीत होता, पण खात्री तेवढी नव्हती. माणसाच्या हातातलं शेवटचं काम काढून घेतलं की तो कसा झपाट्याने खचतो, हे त्यांनी वॉर्डात शंभरदा पाहिलं होतं.

सुनेने आपल्या परीने मदत केली. मोठ्या अक्षरांत उपकारस्तुती लिहून चिठ्ठी बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती नीट वाचली, तिची सुबक गुंडाळी केली आणि पेन्सिलीसारखी कानामागे खोचली.

रविवार उजाडला. उपासनेहून सगळे घरी आले. टेबलाभोवती अठरा माणसं बसली, हात जोडले गेले, माना खाली झाल्या. मेट्रनबाई सुपाचा डाव हातात घेऊन बाबांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"हे स्वर्गीय पित्या," बाबा म्हणाले, आणि थांबले.

एक मिनिट गेलं, दोन गेली. थोरल्याने घसा साफ केला. मेट्रनबाईंनी नुसतं एक बोट वर केलं. त्या बोटाला एके काळी मोठमोठे सर्जन वचकून असत, मुलाची काय कथा. बाबांचा तो जुना कापलेला अंगठा टेबलावरून फिरत होता. दोन फळ्यांमधल्या सांध्यावर तो अडला, पुढे गेला, परत मागे आला.

"टेबल चांगलं झालंय," बाबा म्हणाले. "सांधे पक्के बसलेत. तुझे उपकार. ही एवढी माणसं कुठली ते मला माहीत नाही, पण सगळ्यांना पोटभर मिळू दे. आणि या सिस्टर. या सकाळपासून माझं सगळं करतात, कधी चिडत नाहीत."

हे काही खरं नव्हतं. नातीने हसू कसंबसं दाबलं.

"यांचा नवरा कोण, ते मला ठाऊक नाही," बाबा पुढे म्हणाले. "पण प्रभू, तो फार नशीबवान आहे. त्याला हे कळू दे. येशूच्या नावाने मागतो."

आमेन म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. थोरल्याने नॅपकिन डोळ्यांना लावला होता. जन्मात कधी आमेनला उशीर न केलेल्या मेट्रनबाईंनाही आज उशीर झाला. मग त्या "आमेन" म्हणाल्या ते इतक्या मोठ्याने, की कुणाच्या तरी मांडीवर झोपलेलं तान्हं दचकून उठलं.

"वाढ आई," थोरला म्हणाला. "बाबांची प्रार्थना झाली." आणि खुर्चीचा विषय त्या घरात परत निघाला नाही.

सगळ्यांना सूप वाढून झालं तरी मेट्रनबाई उभ्याच होत्या. बाबांनी शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी मागे ओढली.

"बसा ना सिस्टर. घरी जायची घाई तर नाही तुम्हाला?"

मेट्रनबाईंनी डाव खाली ठेवला आणि त्यांच्याशेजारी बसल्या.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "मी घरीच आहे."