थोडं तरी

"अरे, हे तर पुन्हा विचारतंय!" केयूर हसला आणि त्याने फोन मोहनाकडे वळवला. "मोहनाबेन, मी 'नको' दाबलं ने?"

स्क्रीनवर अक्षरं उमटली होती : 'थोडं तरी? निदान वरण-भात?'

त्याने परत 'नको' दाबलं. 'बरं, ताक तरी घ्या.'

बडोद्यात, अकोट्यातल्या बूट कॅम्पचा सगळा वर्ग खदखदला. सगळी विशीतली पोरं. त्यांत मोहना एकटी चाळिशी उलटलेली, अलकापुरीच्या ऑफिसात उभा जन्म दुसऱ्यांची पत्रं टाइप करत आलेली. ॲप बनवण्याचा हा कोर्स पास झाली तर साहेब तिला ॲपच्या विभागात घेणार होते. नाही तर निवृत्तीपर्यंत तीच खुर्ची. आज शेवटची परीक्षा होती आणि केयूर परीक्षक. घरचा मराठीच, पण बडोद्याच्या पोराला 'ने' लावल्याशिवाय वाक्य संपवता येत नाही.

मोहनाचं ॲप मांजलपुरातल्या एकट्या म्हाताऱ्यांसाठी होतं. मुलं परदेशी, एकट्यापुरतं शिजवायचा कंटाळा. ॲप रोज सकाळी विचारायचं, 'आज डबा हवा का?'

"युझर ना बोलला, एटले ना, म्हणजे नाहीच," केयूर म्हणाला. "एवढा आग्रह केला तर लोक ॲपच काढून टाकतात."

"पण पहिलं 'नको' कोण खरं धरतं? आमच्या शेजारचे जगदेवराव रोज नको म्हणतात. दुसऱ्यांदा विचारलं की पोटभर जेवतात."

"तर मग त्यांना घरी बोलवा ने. ॲपमध्ये हे नाय चालणार. सुट्टीत काढून टाका, लगेच पास करतो."

सुट्टीत सगळे जेवायला गेले. मोहना स्क्रीनसमोर बसून राहिली. त्या ओळी तिने कुठे लिहिल्या होत्या? त्या तर आईच्या, दुर्गाबाईंच्या. त्या टाइप करताना ती तंद्रीत लहानपणीच्या पाटावर जाऊन बसली होती. ताटावर आडवा हात, आणि आई बोटांच्या फटीतून अलगद पोळी सरकवतेय, "थोडी तरी गं, माझ्यासाठी." मोठेपणी मोहनाला त्याचा वैताग यायचा. कॅम्प लागल्यापासून तर ती लॅपटॉप उघडा ठेवूनच जेवायची आणि खेकसायची, "नको म्हटलं ना, आई! एकदा सांगून कळत नाही?"

तिने ओळी पुसल्या. स्क्रीनला त्याचं काहीच वाटलं नाही. सुट्टीनंतर केयूरने 'नको' दाबलं, ॲप निमूट बंद झालं, आणि मोहना पास झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

स्कूटरवरून घरी निघाली तेव्हा पुलाखाली विश्वामित्री सोनेरी होऊन पसरली होती. काठावर एक मगर डोळे मिटून ऊन खात होती. मोहनाला सगळंच तरंगल्यासारखं वाटत होतं. खिडकीजवळची खुर्ची, टेबलावर आपल्या नावाची पाटी, शेजारी विशीतली पोरं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, पण आज भूकसुद्धा गोड लागत होती. तिने मनात ठरवलं, आज आईला मनसोक्त आग्रह करू द्यायचा. नको, नको म्हणत चांगल्या तीन पुरणपोळ्या हाणायच्या.

आईने पुरणपोळ्याच केल्या होत्या. "पास झाले," म्हणताच तिने मोहनाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलाशी कडाकडा बोटं मोडली आणि ताट वाढलं. मोहनाने आज लॅपटॉप उघडलाच नाही. पहिली पोळी बघता बघता संपली.

"अजून एक घालू?" आईने विचारलं.

"नको," मोहना लाडात म्हणाली आणि तिने ताटावर हात आडवा धरला.

"बरं." आईने डब्याला झाकण लावलं. "बघ, एकदा सांगितलंस की कळतं हं मला आता."

ती हे अगदी कौतुकानं बोलली. जणू तीही आजच कसली तरी परीक्षा पास झाली होती. मग डबा उचलून ती आत गेली.

मोहनाचा हात ताटावर तसाच राहिला, बोटं थोडी फाकलेली.