पांढऱ्यावरची तुळस

उचलली जीभ आन् लावली टाळ्याला, ही माझी जल्माची खोड. त्यापायीच हे सगळं झालं.

साल चव्वेचाळीस. लढाईपायी सूत कारडावर मिळायचं, माग आठ-आठ दिस मुका. आमच्या मालकांची नजर निम्मी गेलेली. डागदर म्हणला, लय तर सा म्हैनं दिसंल. तशात साताऱ्याच्या कालव्याच्या सायबाच्या मडमेनं मेजावर टाकायला कापड सांगितलं. सूत तिचं. पांढऱ्यावर पांढरंच, तुमच्या दारातलं झाड काढा, एवढंच तिचं म्हणणं.

मालकांनी इचारलं, "कंचं झाड काढू गं, रंगू?"

"तुळस! आनि कंचं?" मी फाडकन बोलले.

मेजावर जेवत्यात हे आमाला कुठलं ठावं? आमी जमिनीवर पाट मांडणारी माणसं. मला वाटलं, चौरंगावानी काय तरी असंल, वर त्येंचा देव बसत असंल. मालक गळ्यात माळ घालणारं. आंघोळ केल्याबिगर मागावर बसलं न्हाईत. बोटांनी एकेक धागा उचलून मंजिऱ्या भरल्या. समोरनं बघितलं तर कोरं कापड. दारातनं तिरका उजेड आला की पानं वर यायची, शिरांसकट, आन् परत जिरून जायची. मी भाकरी तव्यावर इसरून बघत बसायची. ह्यांना ती पानं दिसत नव्हती, हात फिरवूनच वळखायचं. "शेवटचं काम हाय माझं. देवाच्या पायाखाली जाऊ दे," म्हणायचं.

कापड पोचवायला मीच गेले. सायबाचा खानसामा अर्जुना म्हणला, "जोतीराम कोष्ट्याची बायको न्हवं? बस मागल्या दारात." तिथनं आतलं दिसत हुतं. माझ्या डोळ्यांदेखत मेजावर तुळस हातरली आन् वर मटणाचं भांडं ठेवलं. एका सायबानं तर कोपऱ्याला तोंड पुसलं. कपाळ माझं! तुळस तर मीच सांगितलेली.

घरी आले तर मालक उंबऱ्यातच. "काय ठेवलं गं त्यावर?"

"देव," मी म्हणले. "चांदीचं. म्होरं समई."

ते असं हसलं की मी चुलीकडं तोंड फिरवलं. मग रोज इचारायचं, आन् मी मेली रोज एक देव वाढवायची.

दिवाळीला उरलीसुरली नजर गेली. त्याच आठवड्यात अर्जुना ते कापड घेऊन आला. सुरीनं फाटलं हुतं, सांधून पायजे हुतं. मी गोधडीखाली दडपाय गेले, पर ह्यांनी त्याचा आवाज ऐकलेला.

"आण हिकडं."

मांडीवर घेऊन पान-पान चाचपलं. फाटल्याजागी बोट थांबलं. मग एका कडक डागावर थांबलं. कापड नाकाशी नेलं. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

त्यांनी कापड परत मांडीवर पसरलं.

"निवद सांडलाय जणू," मालक हळू म्हणलं. "सांडतोच. सुई ओवून दे."

मी सुई ओवली. त्यांनी ते पान सांधलं, पयल्यासारखं. त्या दिसापास्नं देवाचं मला कवा इचारलं न्हाई.