विमान पोचलं की केर

आमच्या आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, एक नियम होता. घरातलं माणूस गावाला निघालं की ते मुक्कामाला पोचेपर्यंत मागं घर झाडायचं नाही. कुणी नांदेडला गेलं की आमच्या हैदराबादेतल्या अंबरपेठेच्या घरात दिवसभर केर. मला कचरा बघवत नाही, त्याला मी काय करू! नुसता जीव तळमळायचा.

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. कचेऱ्यांचीही वाटणी निघाली आणि दप्तर घेऊन आमच्या ह्यांना चार दिवसांसाठी मुंबईला धाडलं, तेही विमानानं. गल्लीत विमानात बसणारे हे पहिलेच. सकाळी अर्धं अंबरपेठ निरोपाला लोटलं आणि शेंगा खाऊन ओसरीवर टरफलांचा सडा घालून गेलं. नेमकं त्याच दिवशी बाराला माझ्या नणंदेला, जयवंताला, बघायला औरंगाबादचे पाहुणे यायचे होते. मुलगा इथंच हैदराबादेत, नारायणगुड्यात शिकलेला, जयवंताला मनापासून पसंत. ही सोयरीक मोडली असती तर पोरीनं अंथरूण धरलं असतं.

दहाला बेगमपेठेहून विमान उडालं. घरी येऊन मी केरसुणी उचलली, तर आत्या उंबऱ्यात आडव्या. नक्को म्हणाल्या. मुंबईला पोचायला विमानाला तीन तास लागतात, तेव्हा एक वाजेपर्यंत हात लावायचा नाही. मी सांगून पाहिलं, पाहुणे टरफलं तुडवत येतील, पोरीला नावं ठेवतील. त्या ढिम्म. आत जयवंता मुसमुसायला लागली. माझं डोकंच फिरलं.

आणि एकदम आठवलं. विमान वाटेत औरंगाबादला उतरतं, दीड तासात! मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"आत्या, साडेअकरा झाले. विमान औरंगाबादला टेकलं. औरंगाबाद आता मुंबई राज्यात गेलंय. म्हणजे तुमचा लेक मुंबईला पोचला."

आत्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात त्यांचे डोळे भरून आले.

"मग पोरगीपण मुंबईलाच चालली की गं, गंगू. एवढ्या लांब कशी देऊ?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. केराचं निमित्त होतं. पाहुणे नाक मुरडून परत गेले तर बाईला हवंच होतं. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी शेजारी बसले आणि समजूत घातली, की लांब कसलं, तुम्ही चुलीवर तूरडाळ ठेवा, ती शिजून तिला फोडणी पडेपर्यंत विमानानं माणूस औरंगाबादेत. आत्यांनी पदरानं डोळे पुसले, माझ्या हातून केरसुणी ओढून घेतली आणि स्वतः ओसरी लख्ख केली. पाहुण्यांनी पोरगी पसंत केली, बायकांनी तर घराचंही कौतुक केलं.

वैशाखात लग्न झालं. जयवंता काचीगुड्याहून रेल्वेनंच गेली, विमानाचं तिकीट काय आमच्या ऐपतीतलं होतं! गाडीला अख्खी रात्र लागते. घरभर अक्षता, फुलं, द्रोण. संध्याकाळी गाडी सुटल्यावर दीडेक तास आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मग उठून त्यांनीच केरसुणी माझ्यापुढं धरली.

"झाड आता. तुझं विमान पोचलं असेल."

मी ती घेतली आणि कोपऱ्यात ठेवून दिली.

"ती गाडीनं गेलीय, आत्या. सकाळी झाडू."