गणपत खलाशाचा दगड

"बुटात खडा सापडला म्हणून कारखान्यातून एकाला घरी पाठवलं," कुंदा नळावर सांगत होती. "ज्वारीच्या दाण्याएवढा खडा. आमचे हे म्हणे, बॉम्बच्या दारूवर घासला तर अख्खी शेड उडते."

अनसूयेची घागर भरून वाहायला लागली होती.

"लोखंड चालत नाही म्हणतात ना? दगड बी नाही चालत?" तिने विचारलं.

"काहून विचारून राहिली?" म्हणता म्हणता कुंदाने आपली घागर अर्धी असतानाच उचलली आणि ती निघून गेली.

लढाईचे दिवस होते. जबलपूरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात अनसूयेच्या नवऱ्याला, श्यामसुंदरला, नुकतंच बॉम्बमध्ये दारू भरायच्या शेडमध्ये घातलं होतं. तिथे अंगठी, किल्ली, सगळं फाटकावर काढून ठेवावं लागे. कोटाला बटणं नसत, नाड्या असत. तो कोट बायका घरी धूत, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

तिलवारा घाटावर गणपत खलाशाचा दगड होता. साहेबांची पहिली टोळी नर्मदेचा नकाशा काढायला आली, तेव्हा बांबूने पाणी जोखत गणपत सगळ्यांच्या पुढे चाले. एका डोहात तो गेला, मागचे वाचले. साहेबांनी इंग्रजी अक्षरं कोरून दगड उभा केला आणि विसरून गेले. बायका विसरल्या नाहीत. नवरा जोखमीच्या कामावर असला की त्या दगडाची कपची आणायची आणि त्याच्या कपड्यात शिवायची. कोणाला सांगायचं नाही, सांगितलं तर गुण जातो. दगडाचा एक कोपरा पार उडाला होता. शेडवर देखरेख करणारे भय्यासाहेब चार्जमन म्हणत, गुरं अंग घासत असतील. शिकलेल्या माणसाला गुरं पटकन दिसतात.

अनसूयेने रविवारीच श्यामसुंदरच्या कॉलरमध्ये कपची शिवली होती. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो असा.

ती तशीच ओल्या पदराने धावत सुटली. फाटकाशी पोचली आणि थबकली. न सांगावं तर शेड जाणार. सांगावं तर नोकरी जाणार, आणि लढाईच्या दिवसांत असल्या खड्याला घातपात म्हणत. नवऱ्याला तुरुंगात धाडायला बायकोच आली, असं व्हायचं.

"क्या है बाई? यहाँ खड़े रहने का हुकुम नहीं है," जमादार म्हणाला.

"भैया, उनके कॉलर में पत्थर है। मैंने सिया है।"

जमादाराचा चेहरा उतरला. नवऱ्याचं नाव विचारून तो आत गेला. थोड्या वेळाने शेडमधली माणसं एकामागून एक बाहेर आली, अगदी सावकाश. तिथे पळायची मनाई होती. भय्यासाहेबांनी श्यामसुंदरची कॉलर उसवली. कपची त्यांच्या तळहातावर पडली.

"कोणी शिवली ही?"

श्यामसुंदरने फाटकाच्या सळयांपलीकडे रडणारी अनसूया पाहिली. त्याला काय ते कळलं.

"मीच," तो म्हणाला.

भय्यासाहेब काही बोलणार, तोच कुंदाचा नवरा मोहन स्वतःची कॉलर चाचपू लागला. त्याच्या बोटांना काहीतरी टोचलं.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "माझ्यात बी आहे."

मग सगळ्यांचेच हात मानेशी गेले.

घाटावरचा कोपरा कुठे गेला ते भय्यासाहेबांना त्या दिवशी समजलं. सगळ्या कपच्या त्यांनी आपल्या रुमालात बांधल्या. कोणाकोणाला हाकलणार? सगळ्यांना घरी पाठवलं असतं तर बॉम्ब कोण भरणार होतं?

"चला, कामाला लागा," एवढंच ते म्हणाले.

उसवलेल्या कॉलरी घेऊन माणसं परत शेडच्या रांगेला लागली. आता त्यांच्यापुढे गणपत नव्हता. रांगेत पहिला श्यामसुंदर होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

जमादाराने अनसूयेला हटकलं नाही. सुटीचा भोंगा होईपर्यंत ती सळई धरून तिथेच उभी राहिली.